तळ्यातलं की काठावरचं

यवतमाळात मी अकरा वर्षं ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले, त्या काकांनी घर देताना एकच अट घातली होती. नळ गळायला लागला तर त्याच दिवशी सांगायचं, दुसऱ्या दिवशी नाही. "दिवसभरात बादलीभर जाते, मॅडम. आनि बादलीभर पानी म्हंजे कोनाची तरी आंघोळ असते."

पाटबंधारे खात्यातून ते कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. धरणातून कालव्यात, कालव्यातून चारीत आणि चारीतून कुणाच्या वावरात कधी किती पाणी सोडायचं, हे बघण्यात सगळी नोकरी गेली. उंच, वाळलेला माणूस. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, एक निळं, एक काळं. सही करायची वेळ आली की दोन्ही बाहेर काढायचे आणि थांबायचे.

त्यांचं हे थांबणं पहिल्या वर्षी मला गमतीचं वाटलं. पुढं पुढं मी त्यानं दमून जायला लागले. काकू तर माझ्या कितीतरी आधीच दमलेल्या होत्या.

घराच्या दर्शनी भिंतीवर, दाराच्या डाव्या हाताला, रंगाचे दोन चौकोन होते. एक पिस्ता, एक मलई. रंगारी नमुना म्हणून मारून गेला होता. काकांनी सकाळच्या उन्हात पाहिले, संध्याकाळच्या उन्हात पाहिले, पावसाळ्यात कसे दिसतात ते बघू म्हणाले. रंगारी दोनदा येऊन विचारून गेला, तिसऱ्यांदा आला नाही. मी राहायला आले तेव्हा ते चौकोन तिथं होते, आणि पोस्टमन आमच्या घराला 'दोन रंगवाल्यायचं घर' म्हणायचा.

पुसदला जायला आमच्याकडून दोन रस्ते. एक दारव्हा-दिग्रसवरून, दुसरा आर्णीवरून. काकूंच्या भाचीचं लग्न पुसदला होतं. दोघं सकाळीच तयार होऊन स्टँडवर गेले. दोन्ही गाड्या लागलेल्या होत्या. काका दोन्ही कंडक्टरांशी बोलले. रस्त्याचं काम कुठं चालू आहे, कोणती गाडी किती ठिकाणी थांबते, ऊन कोणत्या बाजूनं येईल. तेवढ्यात एक गाडी सुटली. ती सुटली म्हणजे तीच बरी असावी, या विचारात ते पडले, आणि दुसरीही गेली. काकू पिशवीत आहेराचं लुगडं घेऊन शेजारी उभ्या होत्या. पुसदला पोचले तेव्हा पंगतीतली शेवटची माणसं हात धूत होती. "वऱ्हाडी विचारत," काकू मला सांगत होत्या, "की काहून उशीर झाला. मी काय सांगू? गाडी नव्हती, असं सांगितलं. दोन होत्या हे कसं सांगू?"

आणि हाच माणूस दुसऱ्याचं भांडण चहा निवायच्या आत मिटवायचा. निवृत्त झाल्यावरही शेतकरी त्यांच्याकडे यायचे. एकदा नेरकडचे दोन सख्खे भाऊ आले. हरभऱ्याला पहिलं पाणी कुणी घ्यायचं यावरून त्यांचं बोलणं बंद झालं होतं. काकांनी दोघांचं ऐकलं, कागदावर दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, "धाकट्याची जमीन उताराले हाय. त्यानं आधी घेतलं तर तुले काहीच उरत नाही. तू आधी घे, आनि याले दोन तास जास्त दे. जा आता, आनि सोबत जा." दोघं भाऊ एकाच मोटारसायकलवर बसून गेले. मी काकांना म्हटलं, काका, तुम्हाला तर किती पटकन ठरवता येतं. ते म्हणाले, "दुसऱ्याचं ठरवाले डोकं लागते, मॅडम. आपलं ठरवाले छाती लागते."

काकूंचं लग्न ठरलं ती हकिकत मला काकूंनीच सांगितली, मेथी निवडता निवडता. काकांना दोन स्थळं आली होती. एक पुसदचं, एक दारव्ह्याचं. दोन्ही मुली पाहून झाल्या, दोन्ही घरची माणसं चांगली. काकांनी चार महिने लावले. तेवढ्यात पुसदच्या मुलीला दुसरीकडून होकार आला आणि तिचं लग्न झालं. मग दारव्ह्याला निरोप गेला. "तं मी आली," काकू म्हणाल्या. "चांगलंच केलं त्यायनं माह्यं. कधी हात नाही उगारला, कधी उपाशी नाही ठेवलं. पन मी निवडलेली का उरलेली, हे मले अजून समजलं नाही. आता इचारायचीबी इच्छा नाही राह्यली." मेथीची काडी त्यांनी बाजूला टाकली. आवाजात तक्रार नव्हती. उन्हाळ्यात पंख्याबद्दल बोलावं तसं त्या बोलत होत्या.

उदयपूरचं प्रकरण सुरू झालं ते त्यांच्या मुलीमुळं. मुलगी पुण्यात नोकरीला. आईबाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार म्हणून तिनं फोनवर विचारलं, आई, तुला काय पाहिजे? काकूंनी आयुष्यात कुणाकडं काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं. पण त्या लगेच म्हणाल्या, "उदेपूर." त्यांच्या स्वयंपाकघरात कृषी केंद्रवाल्याचं एक जुनं कॅलेंडर होतं. त्यातलं एक पान त्यांनी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. तळ्याच्या मधोमध एक पांढरी इमारत, चारही बाजूंनी पाणी. साखरेचा डबा काढताना रोज ते चित्र दिसायचं.

मुलीनं हौसेनं शोध घेतला आणि दोन हॉटेलं काढली. दोन्ही मोठी, राजेशाही. एक तळ्यातलं, बेटावरचं, जिथं होडीनंच जावं लागतं. दुसरं समोरच्या काठावरचं, जिथून ते तळ्यातलं दिसतं. "पैशाचं बोलायचंच नाही," तिनं सांगितलं. "दोन्ही सारखीच छान आहेत. बाबा, तुम्ही ठरवा, मी बुक करते."

तिनं आईला विचारायला हवं होतं. पण आमच्याकडं अशा गोष्टी बाबांनाच विचारतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका फुलस्केप कागद घेऊन माझ्या दारात उभे. मधोमध रेघ मारलेली. डावीकडं 'तळ्यातलं', उजवीकडं 'काठावरचं'. मी कॉलेजात ग्रंथपाल. मला सगळी माहिती मिळते, असा त्यांचा समज होता. "मॅडम, मोबाईलवर लोकं काय म्हनतात ते वाचून दाखवा." मी वाचायची, ते लिहायचे. एका पाहुण्यानं लिहिलं होतं, उशा फार मऊ होत्या. काकांनी लिहिलं, 'उशी नरम (एकाचं मत)'. त्या दिवशी मला कॉलेजात जायला उशीर झाला. त्यानंतर किती दिवस झाला ते मी मोजलं नाही.

दोन हिवाळे असे गेले. फुलस्केप कागदांची एक फाईल झाली. काका दोन्ही हॉटेलांना फोन करायचे. हिंदी त्यांचं आमच्याकडचं, मराठीला टेकू दिलेलं. "मॅडम, आपके यहां की खिडकी उघडती है क्या? मतलब, हवा के लिए?" काठावरच्या हॉटेलात फोन घेणारी एक मुलगी होती. ती फार शांतपणे सगळं सांगायची. जिना किती पायऱ्यांचा, सकाळचं ऊन कुठून, जेवणात साधं वरण मिळेल का. तळ्यातल्या हॉटेलाला काका इमारतीचं विचारायचे. पायाला ओल आहे का, चुना की सिमेंट, तळं उन्हाळ्यात किती उतरतं. त्या फोनवरच्या माणसाला ते कुठून माहीत असणार? "बघा," काका मला म्हणायचे, "पान्यात बांधलं आनि पान्याचीच माहिती नाही."

मुलगी पुण्याहून विचारायची, ठरलं का? काका म्हणायचे, "होत आलं." मी कधी कधी खालून त्यांच्या चपलेचा आवाज आला की दार लावून घ्यायची आणि झोपल्याचं सोंग करायची. माझी आई त्या वर्षी गेली होती. मला कुणाच्याच उशीबद्दल वाचायची ताकद नव्हती.

त्या दोन वर्षांत काकूंचे गुडघे गेले. पहिल्या हिवाळ्यात त्या पिशवी घेऊन भाजीबाजारात चालत जायच्या. दुसऱ्या हिवाळ्यात काठी आली. डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं. त्या म्हणाल्या, उदेपूर झाल्यावर.

मग एका रविवारी दुपारी जिन्यावर काठीचा आवाज आला. माझा जिना सतरा पायऱ्यांचा. काकू वर्षभरात वर आल्या नव्हत्या. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, थांबत, श्वास घेत त्या वर आल्या आणि खुर्चीत बसल्या. मी पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "पोरी, पुन्याले फोन लाव. तळ्यातलं घे म्हन तिले."

"काकांनी ठरवलं?"

"मी ठरवलं."

"काकांना विचारायचं का एकदा?"

"त्यायले इचारू नको," काकू म्हणाल्या. "मी थकली आता बापा. ते थांबतात, पन माह्ये गुडघे नाही थांबत."

मी फोन लावला. पाच मिनिटांत बुकिंग झालं. दोन वर्षं ज्याला लागली ते काम.

काका मला रागावतील असं वाटलं होतं. पण तसं झालं नाही. कागदांच्या फाईलला रबर लावून त्यांनी ती कपाटावर ठेवली. चार दिवस वर आले नाहीत. पाचव्या दिवशी मी कॉलेजातून येत होते, ते फाटकापाशी उभे होते. म्हणाले, "मॅडम, ते होडी कितीक मोठी असते?"

मी सांगितलं, चांगली मोठी असते, मोटरची, वर छत असतं. त्यांनी मान हलवली आणि नळाला पाणी आलं का बघायला आत गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दोन वर्षांत, एवढ्या कागदांत, होडीचा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नव्हता.

मुलीला रजा मिळाली नाही. काकूंना जिन्याबिन्याला आधार लागेल म्हणून तिनं मला विचारलं, ताई, तुम्ही जाल का सोबत? मी कित्येक वर्षांत कुठं गेले नव्हते. गेले. माझ्यासाठी तिथल्या बाजारातल्या एका साध्या लॉजची खोली घेतली होती. नागपूरहून गाडी, मध्ये एकदा बदलायची. सगळ्या प्रवासात काका खिडकीशी बसून नदी-नाले मोजत होते. बोलले फार कमी.

तळ्यातल्या हॉटेलाचा धक्का काठावरच होता. दगडी पायऱ्या पाण्यात उतरलेल्या, बाजूला लाकडी फळ्यांचा धक्का, वरच्या अंगाला एक बाक. दुपारचे दोन वाजले असतील. समोर ते पांढरं बांधकाम, कपाटातल्या चित्रासारखं, पण चित्रापेक्षा लहान वाटणारं. काकूंनी नवं हिरवं लुगडं नेसलं होतं. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. होडी आली. होडीवाल्यानं सामान घेतलं आणि काकांपुढं फुगीर जाकीट धरलं.

काका बाकावर बसले.

"चला," काकू म्हणाल्या.

"तुमी व्हा पुढं."

"पुढं म्हंजे? होडी एकच हाय."

काकांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले होते. "मले नाही जमत," ते म्हणाले.

"काय नाही जमत?"

"होडी."

काकू त्यांच्याकडं बघत राहिल्या. होडीवाला थांबला होता, मागं आणखी दोन पाहुणे थांबले होते. मला वाटलं, काकू आता परत फिरतील. चाळीस वर्षं फिरत आल्या होत्या तशा. त्यांनी माझा दंड धरला. "चल," मला म्हणाल्या. "तुह्या खोलीची चावी त्यायले दे."

मी लॉजची चावी काकांच्या हातात ठेवली आणि काकूंना होडीत बसवलं. पाणी ओलांडेपर्यंत काकूंनी एकदाही मागं पाहिलं नाही. मी पाहिलं. काका बाकावर तसेच होते, मांडीवर त्यांची रेक्झिनची बॅग.

खोली मोठी होती. खिडकीच्या खालीच पाणी. काकूंनी चपला काढल्या, गादीवर बसल्या, पाय वर घेतले. "किती शांत हाय," म्हणाल्या. "हे का ते, कोनीच इचारून नाही राह्यलं." मग आडव्या झाल्या आणि भर दुपारी तीन तास झोपल्या. मी खिडकीत बसून राहिले. मलाही फार बरं वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

पाचच्या सुमाराला माझा फोन वाजला. काका होते. "मॅडम, खिडकी उघडते."

"कुठली खिडकी, काका?"

ते काठावरच्या हॉटेलात होते. लॉजवर न जाता ते बॅग घेऊन तिथं गेले होते, नुसतं बघावं म्हणून. काउंटरवर त्यांनी तोंड उघडलं आणि समोरची मुलगी उठून उभी राहिली. दोन वर्षं ती हा आवाज ऐकत होती. 'यवतमाळवाले साहब' म्हणून तिनं आत जाऊन सगळ्यांना बोलावलं. एक खोली रिकामी होती. खोलीचं भाडं त्यांनी किती दिलं ते त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही.

काकू जाग्या झाल्या होत्या. मी फोन त्यांच्याजवळ ठेवला, आवाज मोठा केला. बाहेर ऊन उतरलं होतं. समोरच्या काठावर दिवे लागत होते, त्यातली एक खिडकी काकांची.

"चहा घेतला का?" काकूंनी विचारलं.

"घेतला." मग ते म्हणाले, "मले पोहता नाही येत."

"चाळीस वर्षं पान्यात नोकरी केली तुमी."

"काठावर केली," काका म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, पुसदकडच्या एका तलावावर, पाण्याची पातळी बघायला ते एकटेच होडग्यात बसून गेले होते. पाण्यात आकडे रंगवलेला खांब असतो, त्यावरून पातळी कळते. खांबाजवळ होडगं कलंडलं. ते त्या खांबाला मिठी मारून राहिले. सकाळपासून दुपारपर्यंत. काठावरून एक गुराखी गेला, पण हाक मारायला तोंडातून आवाज निघेना. शेवटी मासेमारी करणाऱ्या दोघांनी काढलं. काकांनी त्यांचे पाय धरले की कुणाला सांगू नका. कालव्याचा माणूस बुडत होता म्हणून ऑफिसात हसले असते. त्यानंतर निवृत्तीपर्यंत ते स्वतःच्या पैशानं घेतलेली दुर्बीण घेऊन काठावरूनच आकडे वाचायचे. घरी त्या दिवशी सांगितलं होतं की पावसात भिजलो.

काकूंना तो दिवस आठवत होता. "मी आल्याचा काढा देल्ला होता तुमाले," त्या म्हणाल्या.

"देल्ला होता."

"मंग सांगितलं काहून नाही? मीच म्हटली असती, काठावरचं घ्या."

"म्हनूनच नाही सांगितलं." काकांचा आवाज फोनमधून फार लहान येत होता. "तुह्या कपाटात ते चित्र हाय. मी काय पाह्यलं नाही का ते? हो म्हनलं तं होडी, नाही म्हनलं तं तुहं तोंड. मी काय ठरवू?"

काकू लुगड्याचा पदर बोटाभोवती गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. दोन वर्षांचा राग इतक्या चटकन कुठं ठेवायचा, हे त्यांना कळत नसावं. मलाही कळलं नव्हतं. मी ज्या माणसाला पाहून दार लावून घ्यायची, तो कागदावर रेघा मारत वेळ काढत होता, कारण त्याला एवढं एक वाक्य बोलता येत नव्हतं.

"जेवून घ्या," शेवटी काकू म्हणाल्या. "तिथं साधं वरन भेटते म्हने."

दुसऱ्या दिवशी दोघं चार-पाच वेळा फोनवर बोलले. काकांनी दुर्बीण आणलेली होती. "गच्चीवर हिरवं दिसते, ते तू का?" असं ते विचारत होते, आणि काकू हात वर करून दाखवत होत्या. परत या, असं त्यांनी एकमेकांना म्हटलं नाही. काकू ज्या कामासाठी आल्या होत्या ते त्यांनी पुरं केलं. खिडकीत बसल्या, पाणी पाहिलं, झोपल्या, कुणीतरी आणून दिलेलं जेवल्या.

ते घर आता राहिलं नाही. उदयपूरहून आल्यावर वर्षाच्या आत काका गेले, साध्या तापाचं निमित्त होऊन. काकूंचे दोन्ही गुडघे मुलीनं पुण्याला करून घेतले आणि त्या तिकडंच राहिल्या. घर विकलं. मी आता दुसऱ्या गल्लीत राहते. नळ गळाला तर घरमालकाला आठवडाभर फोन करावा लागतो.

काकांची आठवण आली की मला उदयपूरहून निघायच्या दिवसाची सकाळ आठवते. आमची होडी काठाला येत होती. मी बाकाकडं पाहिलं, बाक रिकामा. काका पायऱ्या उतरून आले होते. पाण्याला लागून असलेल्या पायरीवर उभे होते, आणि होडीच्या लाटा आल्या तशा त्यांच्या घोट्यांवरून जात होत्या. एका हातानं त्यांनी दगडातली लोखंडी कडी घट्ट धरली होती. दुसरा हात पुढं केला होता. होडीवाल्यानंही सवयीनं हात दिला होता.

काकूंनी दोन्हीकडं पाहिलं. "हे धरा," म्हणून त्यांनी काकांच्या पुढं केलेल्या हातात काठी दिली, आणि होडीवाल्याचा हात धरून काळजीपूर्वक उतरल्या. पायरीवर पाय ठरल्यावर त्यांनी काकांचा खांदा धरला.

"पाय ओले झाले तुमचे," काकू म्हणाल्या.

काकांनी खाली पाहिलं. "वाळतीन," म्हणाले, आणि काठी काखेत धरून, काकूंच्या चालीनं, एकेक पायरी चढायला लागले.